‘आपल्याकडे’ म्हणेल त्याने पिशवी उचलावी

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी कुणाशी बोलता बोलता तोंडातून ‘आपल्याकडे’ हा शब्द निसटला की मी दचकून मागे बघते. वाटतं, आता शिट्टी वाजणार आणि माझ्या हातात लोणच्याची पिशवी येणार.

ही पिशवीची काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. आमच्या नाशिकच्या संस्थेतर्फे दर वर्षी एक अभ्यासदौरा निघायचा. जिल्ह्यातले सरपंच, बाजार समित्यांचे आजी-माजी सभापती, सोसायट्यांचे चेअरमन, एखाददुसरे मुख्याध्यापक अशा पुढारी मंडळींना दहा-बारा दिवस व्हिएतनामला न्यायचं. तिथली शेती, सहकार, शाळा दाखवायच्या, आणि मुख्य म्हणजे चटकन न समजणारा एखादा देश समजून कसा घ्यायचा, याची सवय लावायची. सवय लावणाऱ्या म्हणजे बाई. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या, गळ्यात एनसीसीच्या काळातली शिट्टी अडकवणाऱ्या. मी त्यांची एके काळची विद्यार्थिनी. तिकिटं, व्हिसे आणि पुढाऱ्यांचे रुसवेफुगवे हे माझं खातं.

परदेशात जायचं म्हटलं की आमची मंडळी आधी खाण्याची तजवीज करत. चिवडा, ठेचा, कडक भाकऱ्या, कैरीचं लोणचं. पहिल्याच दौऱ्यात कुणाच्या तरी बॅगेत लोणच्याची बरणी फुटली आणि त्याचे सगळे सदरे हळदीचे झाले. तेव्हापासून बाईंनी सगळ्यांचा खाऊ एका मोठ्या रेक्झिनच्या पिशवीत भरायचा रिवाज पाडला. पिशवी चांगलीच जड व्हायची. ती उचलणार कोण, याचा निकाल त्यांनी असा लावला की तिकडे गेल्यावर जो कोणी ‘आपल्याकडे’ म्हणून वाक्य सुरू करेल, त्याने पुढचा कुणी तसं म्हणेपर्यंत ती वाहायची.

‘आपल्याकडे यापेक्षा रुंद रस्ते आहेत.’ शिट्टी. ‘आपल्याकडे असल्या भाजीला कुत्रं विचारणार नाही.’ शिट्टी. पहिल्या दिवशी पिशवी इतक्या जणांकडून फिरायची की विमानतळाबाहेर पडेपर्यंत निम्म्या तालुक्यांचं नेतृत्व घामाघूम झालेलं असायचं. ज्यांच्या घरी पाण्याचा पेलासुद्धा दुसरं कुणी आणून देतं, असली माणसं ती पिशवी खांद्यावर टाकून मुकाट चालत. मला त्यात फार आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

दुसरा नियम याहून कडक होता. पहिले तीन दिवस कुणीही मत द्यायचं नाही. बघायचं, विचारायचं, खायचं, चालायचं. पण ‘या लोकांचं असं आहे’ म्हणायचं नाही. बाई म्हणायच्या, “देश म्हणजे काही वांगं नव्हे, हातात घेऊन दाबलं आणि सांगितलं किडकं आहे की चांगलं आहे. तुम्हाला कळलेलं नाही ना? मग नाही कळलं म्हणा. काही बिघडत नाही.” पुढाऱ्याला तीन दिवस मत द्यायचं नाही म्हणजे काय हाल होतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका चेअरमनांचं तर खरोखर पोट दुखायला लागलं होतं. गोळी द्यावी लागली.

दौऱ्याआधी नाशिकमध्ये बाईंचे वर्ग भरत. फळ्यावर खडू न उचलता त्या व्हिएतनामचा नकाशा काढत, आणि मग सरळ सगळ्यांना मालेगावला नेत. एका विणकराच्या घरी दिवसभर बसायचं, हा दौऱ्याचा पहिला मुक्काम. मंडळी कुरकुरत. नामपूरकडचे एक माजी सभापती होते, भरदार मिशांचे, कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारल्यासारखं बोलणारे. ते म्हणाले, “बाई, मालेगाव काय दाखवता आम्हाला? आमचं रोजचं येणंजाणं आहे तिथे.”

“कुणाच्या घरात गेला आहात?”

सभापतींनी मिशीवरून हात फिरवला. “घरात कशाला जावं लागतं? काम बाजारात राहतं.”

त्या दिवशी त्यांनी विणकराच्या घरी मागांचा खडखडाट ऐकत खिचडा खाल्ला. विणकराची आई त्यांना ‘और लो बेटा’ म्हणून वाढत राहिली, आणि या गृहस्थांना पन्नाशी उलटल्यावर बऱ्याच दिवसांनी कुणीतरी बेटा म्हटलं म्हणून ते परतीच्या वाटेवर सटाणा फाट्यापर्यंत गप्प होते. सभापती गप्प, ही आमच्या दृष्टीने बातमीच होती. आपलं-परकं या बाबतीत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, एवढं त्या दिवशी मलाही समजलं.

बाईंच्या काही गोष्टी मात्र मला वर्षानुवर्षं कळल्या नव्हत्या. त्या राहायच्या देवळाली कॅम्पात, बाजारामागच्या गल्लीतल्या एका जुन्या भाड्याच्या घरात. बरोबरीचे सगळे गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन मोकळे झाले. बाई रोज बसने कॅम्प ते नाशिक आणि नाशिक ते कॅम्प. मी एकदा म्हटलं, “बाई, इतकी दगदग कशाला? माझ्या बिल्डिंगमध्ये चांगली जागा आहे.” तर म्हणाल्या, “पत्ता बदलायचा कंटाळा येतो गं.” कंटाळा हा शब्द त्यांच्या तोंडी मी तेवढाच ऐकला.

दुसरं, घराला कधी कुलूप लावायच्या नाहीत. दौऱ्यावर निघताना शेजारच्या मावशींना, म्हणजे एका निवृत्त हवालदाराच्या बायकोला, आपल्या घरी झोपायला सांगून जात. “दाराला कुलूप दिसता कामा नये,” ही त्यांची शेवटची सूचना. मला वाटायचं, चोराचिलटाची भीती.

आणि तिसरं, दौरा कायम पितृपक्षात. आमच्याकडे त्या पंधरवड्यात कोण शुभ काम काढतो? सगळा देश आपापल्या पितरांसाठी रामकुंडावर येत असतो आणि बाई बरोब्बर त्याच दिवसांत नाशिक सोडून बाहेर. विचारलं तर म्हणायच्या, “अगं, पितृपक्षात पुढाऱ्यांना उद्घाटनं नसतात. एरवी ही माणसं सापडतात का?” हे इतकं खरं होतं की त्यामागे आणखी काही असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ते बाहेर आलं सभापतींच्या हातून. दौऱ्याच्या आदल्या दिवशी पिशवी भरायला सगळे बाईंच्या घरी जमत. सभापती चिवड्याच्या डब्यासोबत शाल, श्रीफळ आणि चंदनाचा हार घेऊनच आले. बाईंचा सत्कार करणार म्हणे. बाईंना सत्काराचा भयंकर राग. “ती शाल घडी घालून ठेवा, नारळ पिशवीत टाका, वाटेत खाऊ,” असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. सभापती हातात हार घेऊन बैठकीच्या खोलीत उभे. आता पुढाऱ्याच्या हातात हार आणि समोर गळा नाही, म्हणजे केवढी पंचाईत! त्यांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर एक जुना काळा-पांढरा फोटो होता. कोवळ्या चेहऱ्याचा तरुण, अंगावर लष्करी गणवेश, डोक्यावरची टोपी जरा कललेली.

“जवानाचा फोटो आणि हार नाही?” सभापती कळवळून म्हणाले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, फोटोला हार घातला, खाली उतरून टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “अमर रहे!”

“अमर रहे! अमर रहे!” बाकीच्यांनी सवयीने साथ दिली.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. पंचाहत्तरीच्या बाई, कुणाचा आधार न घेता स्टुलावर चढल्या, हार काढला, फोटो पदराने पुसला आणि खाली येऊन तो हार सभापतींच्याच गळ्यात घातला. “हार जिवंत माणसालाही घालतात,” त्या म्हणाल्या. “चहा घ्या. आणि उद्यापासून पिशवी तुमच्याकडे. अख्खा दौरा.”

आवाज नेहमीचाच होता, पण स्वतःचा कप तसाच ठेवून त्या आत गेल्या.

बाहेर ओट्यावर मावशींनी मला आणि सभापतींना गाठलं. सभापतींच्या गळ्यात हार तसाच. काढावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं. “तो तिचा धाकटा भाऊ आहे,” मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. “तोफखान्यात होता. एकाहत्तरच्या लढाईवर इथल्याच स्टेशनवरून गेला, दिवाळीचा फराळ बरोबर घेऊन. मिसिंग. गेला असं काही कधी आलंच नाही सरकारकडून, नुसतं मिसिंग. आईबाप झुरून गेले. नातेवाईक दर वर्षी म्हणतात, आता सर्वपित्रीला त्याचंही नाव घेऊन टाक. ती ऐकत नाही. तेवढ्यासाठी पितृपक्षात गावातच थांबत नाही. कुलूप का लावत नाही वाटतं तुम्हाला? तो आला तर?”

मी दारातून आत फोटोकडे पाहिलं. इतकी वर्षं मी या घरात येत होते, त्या फोटोखाली बसून चहा पीत होते. भाऊ दूर कुठे तरी असतो, एवढंच बाई म्हणायच्या, आणि मी ते तसंच धरून चालले होते.

सभापतींनी हार काढून दोन्ही हातांत धरला. “मन्ही चूक व्हयनी,” ते म्हणाले. घाबरले की ते अहिराणीवर यायचे. “जित्ता माणूसले मी हार घाली दिना.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिशी लावलेलं लहान मूल खेळणं धरतं तसा तो हार त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

दौरा नेहमीसारखा सुरू झाला. हनोईच्या विमानतळावर आलेल्या दुभाषी मुलीने आधी प्रत्येकाला वय विचारलं, कारण तिथे समोरच्याला काका म्हणायचं की दादा की आजी हे ठरल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. आमच्या मंडळींनी आपापल्या वयातून सोयीस्कर वर्षं वजा केली. बाई खूश होऊन हसत होत्या. सभापती मात्र पिशवी खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या मागे चालत. ‘आपल्याकडे’ कुणीही म्हणो, ते दुसऱ्याच्या हाती पिशवी लागू देत नव्हते.

बाईंच्या दौऱ्याचा कळस म्हणजे एक दिवस प्रत्येकाने एका खेड्यातल्या एकेका घरी एकट्याने जायचं. सकाळी गेलं की संध्याकाळीच परत. दुसऱ्याच्या घरी डोकवायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. सभापतींचं इंग्रजी बेताचं, म्हणून त्यांच्याबरोबर मला पाठवलं होतं. घरचे बोलणार, दुभाषी मुलगी इंग्रजीत सांगणार, मी मराठीत.

घर भाजीवाल्यांचं होतं. परसात मुळ्याचे आणि कोथिंबिरीचे वाफे. आम्ही पोचलो तर आत सगळं गोत जमलेलं, स्वयंपाकाचा घमघमाट. उंच देव्हाऱ्यासारख्या फळीवर फोटो, उदबत्त्या, फळं, वाफाळता भात, भाज्यांच्या वाट्या. फोटो तरुण मुलाचा, गणवेशातला. टोपी जरा कललेली.

सभापती उंबऱ्यातच थबकले. मग त्यांनी हळूच विचारलं, “कोण शे हाऊ?”

नव्वदीची म्हातारी लाकडी पलंगावर बसली होती. तिने सांगितलं ते असं. हा तिचा मोठा मुलगा. अमेरिकेशी लढाई चालली होती तेव्हा दक्षिणेकडे गेला. परत आला नाही. कुठे पडला, पडला की नाही, आजवर कळलेलं नाही. आज त्याच्या नावाने जेवण आहे.

“कळलं नाही, तर दिवस कोणता धरला?” सभापतींनी विचारलं. पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला हाच प्रश्न सुचणार.

“घरातून निघाला तो दिवस,” म्हातारी म्हणाली. “मला माहीत असलेला शेवटचा दिवस तोच.”

सभापतींनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. “मॅडम, बाईसले बलावा.”

“अहो, नियम आहे ना. इथे कुणी दुसऱ्याच्या घरी...”

“नियमनं राहू द्या. पिशवी मी जलमभर उचलसू. बलावा तुम्ही.”

मी फोन केला. बाई रागावूनच आल्या, शिट्टी हातात घेऊन. दारात आल्या, फोटो पाहिला, खालचं भरलेलं ताट पाहिलं, आणि शिट्टी धरलेला हात खाली आला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हातारीशेजारी पलंगावर बसल्या.  म्हातारीने त्यांचं वय विचारलं आणि मग त्यांना धाकटी बहीण म्हणून हाक मारली.

दौऱ्यांत शेकडो प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला, तोही इतक्या हळू की मुलीला तो पुन्हा विचारावा लागला.

“मग वाट बघणं संपलं?”

म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. “वाट बघतेच आहे,” ती म्हणाली. “पण म्हणून इतकी वर्षं त्याला उपाशी ठेवू?”

मुलीने सांगितलं, आणि मी मराठीत सांगायला लागले. पण सांगायची गरजही नव्हती. बाईंना मुलीचं इंग्रजी माझ्याआधी कळलं होतं. त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज न करता, बूट घातलेले पाय जवळ घेऊन, शाळेतल्या मुलीसारख्या बसून त्या रडल्या, आणि म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नंतर सगळे जेवायला बसलो. भाताबरोबर तीळ-शेंगदाण्याची कोरडी चटणी आली. सभापतींनी चिमूटभर तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. “बाई, ही तर आपल्याकडची...” आणि जीभ चावली. बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. पिशवी तशीही सभापतींच्याच पायाशी होती.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि बाईंचं आम्हा सगळ्यांना जेवायचं बोलावणं आलं. ज्यांनी कधी चहाबरोबर बिस्किटापलीकडे काही दिलं नव्हतं, त्यांनी मावशींना मदतीला घेऊन सगळा स्वयंपाक केला होता. शेवग्याच्या शेंगांची आमटी, मेथी, बाजरीची भाकरी, तांदळाची खीर. दार नेहमीसारखं सताड उघडं. फोटोखाली स्टुलावर पहिलं ताट वाढलं होतं. फोटोला हार नव्हता.

“तो गेला असं मी म्हणत नाही,” बाई सगळ्यांना म्हणाल्या. “आज तो घरातून निघाला. खीर आवडायची त्याला, एवढंच.” मग ते ताट उचलून त्यांनी सभापतींसमोर ठेवलं. “तुम्ही जेवा हे.”

सभापतींनी मान खाली घालून ताटातला कण न् कण संपवला. पुढे दर वर्षी त्या दिवशी ते नामपूरहून एसटीने यायचे, कधी शेंगा घेऊन, कधी बाजरी घेऊन. दौरेही चालू राहिले. आता मात्र बाई पितृपक्ष सोडून इतर वेळीही तारखा घेऊ लागल्या, आणि पुढारी उद्घाटनं बुडवून येऊ लागले.

गेल्या वर्षी बाई झोपेतच गेल्या. तेराव्याला आम्ही सगळे कॅम्पातल्या घरी जमलो. घरमालकाने जागा सवडीने रिकामी करायला सांगितलं होतं, तरी सांगितलं होतंच. लांबचा एक भाचा सगळं आवरायला आला होता, माणूस चांगला होता. बाईंचा फोटो त्या जुन्या फोटोशेजारी लावला होता. सभापतींनी स्वतः आणलेला चंदनाचा हार बाईंच्या फोटोला घातला आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

भाच्याकडे फुलांचा आणखी एक हार होता. तो म्हणाला, “काका, हा मामांच्या फोटोला घालून टाका ना. आता कोण राहिलंय वाट बघायला?”

सगळे सभापतींकडे बघायला लागले. त्यांनी हार हातात घेतला, फोटोकडे पाहिलं, आणि तोही बाईंच्याच फोटोला घातला.

“आपल्याला काय माहीत आहे?” ते म्हणाले. “बाईंनी शिकवलंय, कळलं नसेल तर मत द्यायचं नाही.”

मग ते स्टुलावर चढले. बाईंचा फोटो भाच्याला दिला. जुना फोटो उतरवला, उपरण्यात गुंडाळला आणि म्हणाले, “याले मी नामपूरले लई जास. दार उघडंच राहतं आमचं. दिवाळीनंतर सगळ्यांनी जेवायला यायचं.”

कोपऱ्यात ती रेक्झिनची पिशवी पडली होती, रिकामी. सभापतींनी फोटो जपून तिच्यात ठेवला. त्या दिवशी कुणीही ‘आपल्याकडे’ म्हटलं नव्हतं. तरी पिशवी त्यांनीच उचलली.